मंडळाच्या खोलीची किल्ली

प्रति,
सोलापूर शहरातल्या सार्वजनिक गणेशोत्सव, नवरात्र आणि शिवजयंती मंडळांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि नावाचा फलक नसलेले बाकी सगळे कार्यकर्ते,

मालक, नमस्कार.

मी तुमच्यातलाच आहे. टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारा माणूस, होतो. पाळी सुटली की घरी डबा टाकायचा आणि मंडळात जायचं, हा शिरस्ता. सोळा वर्षं पोरांची लेझीम बसवली, नऊ वर्षं सचिव होतो. पावती पुस्तकं फाडली, मिरवणुकीत पोलिसांशी हुज्जत घातली, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घसा बसला म्हणून कारखान्यात खाणाखुणांनी काम केलं. तेव्हा हे पत्र बाहेरून शहाणपण शिकवायला लिहिलंय असं समजू नका. आपल्या मंडळात आधी लेझीम बंद कुणी पाडली असं विचाराल, तर त्या ठरावावर सही माझीच आहे. ते पुढे सांगतो.

आधी मंगळवारचं सांगतो.

२०२५ च्या मार्चात लेकीच्या बाळंतपणासाठी मी आणि बायको इंडोनेशियातल्या बाली बेटावर गेलो. जावई तिथल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात आहे. बॅगेत डिंकाचे लाडू, शेंगा चटणी, कडक भाकऱ्या आणि देण्याघेण्यासाठी चार सोलापुरी चादरी. मधे एकदा व्हिसा वाढवून घेतला आणि चाळीस दिवस राहिलो. देनपसार शहरात लेकीचं भाड्याचं घर, आणि घरासमोर अरुंद गल्ली ओलांडली की चारी बाजूंनी जवळजवळ उघडं असलेलं एक मोठं छप्पर. पहिल्या मंगळवारी संध्याकाळी सातला तिथून असा काही आवाज आला, की बायकोच्या हातातलं उलथनं थांबलं. पन्नास-साठ पितळी भांड्यांवर कुणी एकाच वेळी, पण अगदी हिशेबात हातोड्या मारतंय, असं काहीतरी.

मी जावयाला म्हटलं, ‘‘आज काय आहे रे?’’

तो विचारून आला. म्हणाला, ‘‘काही नाही. मंगळवार आहे.’’

त्या उत्तराचा मला उलगडा व्हायला दोन आठवडे लागले. पुढच्या मंगळवारीही तेच, त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. ना कमान, ना फ्लेक्स, ना पाहुणे. समोर बघायलासुद्धा कुणी नाही, एखादी आजी आणि दोन कुत्री सोडून. सात वाजले की पोरं येत, वाद्यांवरचं कापड काढत, दीड तास वाजवत, कापड परत घालत आणि घरी जात.

बेट म्हणजे काहीतरी चिमुकलं, असं माझ्या डोक्यात होतं. जावयाने फोनवर आकडे काढून दाखवले. २०२० च्या जनगणनेत बालीची लोकसंख्या ४३ लाख १७ हजार. २०११ च्या जनगणनेत आपल्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्यासुद्धा ४३ लाख १७ हजार! फरक काही शेकड्यांचा. तेवढीच माणसं, आणि जमीन आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे ‘तिकडचं वेगळं असतं हो’ असं म्हणून सुटायची सोय नाही.

तिसऱ्या मंगळवारी मी चप्पल काढून त्या छपराखाली जाऊन बसलो. कुणी हटकलं नाही.

त्या वाद्यसमूहाला गामेलान म्हणतात. लाल-सोनेरी कोरीव लाकडी चौकटी, त्यात काशाच्या पट्ट्या ओळीने टांगलेल्या, प्रत्येक पट्टीखाली आवाज घुमवायला बांबूची नळी. सोबत लहानमोठ्या घंटा, झांजा, आडवे धरून वाजवायचे दोन ढोल. माझ्यासमोर आठेक वर्षांचा एक पोरगा होता. उजव्या हातात हातोडी. तो पट्टी वाजवायचा आणि दुसरी पट्टी वाजवतानाच डाव्या हाताच्या चिमटीने पहिली पट्टी दाबून तिचा आवाज मारायचा. हे सोडून दिलं तर सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. पोराचा उजवा हात तयार होता, डावा मागे पडत होता. त्याचा मास्तर त्याच्या शेजारी बसला नव्हता, पाठीशीही नव्हता. वाद्याच्या पलीकडे, पोराच्या तोंडासमोर बसला होता आणि तेच वाद्य उलट्या बाजूने वाजवत होता. म्हणजे पोराचं डावं ते त्याचं उजवं. पोरगा खाली बघतच नव्हता, मास्तरच्या हातोडीकडे बघून वाजवत होता. कागद नाही, लिपी नाही. चुकला की मास्तर थांबत नव्हता, तीच ओळ फिरून आणत होता. चौदाव्या-पंधराव्या फेरीला डावा हात जागेवर आला. मास्तरने शाबासकी दिली नाही, फक्त पुढची ओळ धरली.

सोळा वर्षं मी पोरांसमोर उभा राहून लेझीम शिकवली. पोरांना आपला उजवा पाय कळावा म्हणून मी स्वतः डावा टाकायचो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझ्या वस्तादालाही नसावं. त्या छपराखाली एकदम वस्तादाची आठवण आली आणि डोळ्यात पाणी आलं. असो.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. जी झरझर पळणारी लय ऐकू येते, ती एकजण वाजवतच नाही. दोघे वाटून घेतात. एकाच्या वाट्याला तालावरचे ठोके, दुसऱ्याच्या वाट्याला मधल्या फटीतले. एकट्याने आपला भाग वाजवला तर तो लंगडा वाटतो. दोघांचे मिळून जे होतं ते इतकं वेगवान असतं, की एका माणसाच्या हाताला ते झेपणार नाही. ह्याला ते कोतेकान म्हणतात. शिवाय वाद्यं जोडीने बनवतात आणि जोडीतलं एक दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित चढं लावतात. दोन्ही एकदम वाजली की सूर पाण्यासारखा लहरतो. आपल्या कारखान्यात दोन माग असे थोडे मागेपुढे चालले तर मला बोलावणं यायचं.

मी जावयामार्फत तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, ‘‘कार्यक्रम कधी आहे?’’ त्यांना प्रश्नच कळेना. ‘‘कुठला कार्यक्रम?’’ मग म्हणाले, आमच्या देवळाचा वाढदिवस येईल तेव्हा वाजवतील. त्यांचं एक पंचांग २१० दिवसांचं आहे, बहुतेक देवळांचा उत्सव दर २१० दिवसांनी. देवळं गल्लोगल्ली, त्यामुळे बेटावर रोज कुठे ना कुठे काहीतरी चालूच. जून-जुलैत देनपसारला महिनाभराचा मोठा सरकारी कला महोत्सवही भरतो, १९७९ पासून दरवर्षी. त्यात जिल्ह्याजिल्ह्याचे संघ येतात, मोठ्या पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचे. ‘‘ही पोरं जाणार का त्याला?’’ म्हटलं. म्हातारबाबा हसले. ‘‘एवढी चांगली नाहीत वाजवत,’’ म्हणाले.

मंडळी, ह्या वाक्यावर जरा थांबा. एवढी चांगली नाहीत, कुठे निवड होणार नाही, बक्षीस नाही, बातमी नाही. तरी मंगळवार चुकत नाही.

त्या छपराला बाले बंजार म्हणतात. बंजार म्हणजे मोहल्ला म्हणा, वाडा म्हणा, आपल्याकडच्या पेठेतल्या दोन-तीन गल्ल्या. लग्न झालं की नवरा-बायको बंजारचे सभासद होतात. बिनलग्नाच्या पोरापोरींचा गट वेगळा. वाद्यं बंजारच्या मालकीची. छपराच्या कोपऱ्यावर एक मनोरा असतो, त्यात चिरा पाडलेला पोकळ लाकडी ओंडका टांगलेला, त्याला कुलकुल म्हणतात. तो बडवला की माणसं जमतात. कुणाचं मयत झालं, कुठे आग लागली, बैठक आहे, प्रत्येकाचा ठोका निराळा. आणि देवळासाठी, बंजारसाठी बिनमोबदला जे काम करायचं, मग ते मांडव घालणं असो, केर काढणं असो, नाचणं असो, त्याला शब्द आहे ‘ङायाह’. होय, ङ! पहिलीत ‘क ख ग घ ङ’ घोकताना ज्या अक्षराचा उपयोग काय ते कुणालाच सांगता आलं नाही, ते अक्षर साठीनंतर बालीत सापडलं. नाचणं आणि केर काढणं ह्यांना तिथे एकच क्रियापद आहे, हे मला फार आवडलं.

बैठक साधारण दर पस्तीस दिवसांनी. कारण त्यांच्याकडे सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचाही एक आठवडा चालतो आणि दोन्हींचा मेळ पस्तिसाव्या दिवशी बसतो. बायको म्हणाली, ह्यात काय नवल? आपल्याकडे पण पाच दिवसांचा आठवडा आहेच की, नळाला पाणी येतं तो.

आता चादरीची गोष्ट. आपण ज्या दिवशी गुढी उभारतो, त्याच सुमाराला त्यांचंही नवं वर्ष असतं. शकही आपलाच, तोच शालिवाहनाचा. त्या २०२५ च्या मार्चात दोघांचं १९४७ लागलं. फक्त ते नवं वर्ष गप्प बसून साजरं करतात. त्या दिवसाला न्येपी म्हणतात. चोवीस तास घराबाहेर पडायचं नाही, चूल नाही, दिवा नाही, वाहन नाही, विमानतळसुद्धा बंद. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र अख्खं बेट रस्त्यावर असतं. प्रत्येक बंजारच्या पोरांनी महिना-दोन महिने खपून बांबू आणि कागदाचा एकेक राक्षस केलेला असतो, ओगोह-ओगोह. आपल्या देखाव्यांसारखाच, पण तो खांद्यावर घेऊन निघायचं. बांबूच्या जाळीवर उभा केलेला दोन मजली राक्षस तीस-चाळीस पोरांच्या खांद्यांवर, चौकात आला की गरगर फिरवायचा आणि शेवटी पुष्कळ ठिकाणी जाळायचा. पुढे चालता वाद्यमेळ, ढोल, घंटा आणि झांजाच झांजा. आमच्या गल्लीच्या मिरवणुकीत एकही स्पीकर नव्हता. काही ठिकाणी स्पीकरच्या भिंती तिकडेही घुसल्या आहेत आणि त्यावरून वादही होतात, असं जावई म्हणाला. रोग सगळीकडचा एकच. पण त्या रात्री झांजा वाजवणारी पोरं मी ओळखली. मंगळवारची पोरं. आठ वर्षांच्या त्या पोराचा डावा हात दमलेला, पण झांज सोडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळं चिडीचूप. नातू आठ दिवसांचा. रात्री दूध पाजायला, दुपटं बदलायला मिणमिणता का होईना उजेड हवा. म्हणून मी खिडकीला सोलापुरी चादर ठोकली, दुहेरी करून. आपल्या चादरीतून उजेड जाईल, अशी माझी तरी समजूत नव्हती. रात्री दहाच्या सुमाराला गल्लीतून टक टक असा काठीचा आवाज. गल्लीची राखण करणारे स्वयंसेवक असतात, पचालांग म्हणतात त्यांना, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकटीचं वस्त्र. चादर कोपऱ्यात बोटभर सुटली होती, तिथून रेघ दिसत होती. आत तान्हं बाळ रडत होतं ते त्यांच्यातल्या एकाने ऐकलं, हात जोडले, बोटाने नुसता कोपरा दाखवला आणि पुढे गेला. आरडाओरडा नाही, नाव-पत्ता नाही. सकाळी सहाला न्येपी संपला आणि बायकोने शेजाऱ्यांकडून वाळवणाचा बांबू मागून आणून गुढी उभारली. शेजारीण कौतुकाने बघत राहिली. त्यांच्या गालुंगान नावाच्या सणाला दारोदार वाकलेला शृंगारलेला बांबू लावतात, पेंजोर. तिला वाटलं, ह्या बाईने साडेतीन आठवडे आधीच लावला.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, म्हातारा बालीवर लट्टू होऊन आला. नाही. डोळे उघडे होते. बंजारमध्ये हजेरी चुकली की दंड पडतो. फार वाकड्यात शिरला तर माणसाला वाळीत टाकतात, स्मशानापर्यंत अडवणूक होऊ शकते. आपण महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो काय उगाच केला नाही. तसली सक्ती आपल्याला नको. दुसरं, देवासाठी पानाफुलांच्या परड्या रोज करायच्या, त्या बायकांनी. लेकीची शेजारीण पहाटे चारला उठून पान कापत बसायची आणि आठला कामावर जायची. ह्या सेवेचा निम्म्याहून जास्त भार बायकांच्या बोटांवर आहे, हे कुणी मोजत नाही. तिसरं, भातशेतीच्या जागी परदेशी पाहुण्यांचे बंगले उठताहेत आणि रहदारी आपल्या सात रस्ता चौकाला लाजवेल अशी. तेव्हा बाली म्हणजे स्वर्ग वगैरे राहू द्या. मला तिथलं फक्त मंगळवारचं प्रकरण उचलून आणायचं होतं.

आणलंही. आणि सोलापुरात उतरल्यावर चौथ्या दिवशी मंडळाच्या खोलीची किल्ली शोधायला निघालो.

किल्ली अध्यक्षांकडे नव्हती. खजिनदाराने उपाध्यक्षाचं नाव सांगितलं, उपाध्यक्ष पुण्याला. शेवटी डेकोरेशनवाल्याच्या पोराकडे सापडली, कारण खोलीत आता त्याच्याच कमानी असतात. कुलूप तेल घालून उघडावं लागलं. कमानीच्या मागे, फाटक्या गालिच्याखाली पत्र्याची पेटी. तीत ४२ लेझमा होत्या. मी एकेक काढून हलवून पाहिली. १७ वाजल्या. बाकीच्यांच्या साखळ्या गंजून एकमेकीला चिकटलेल्या, चकत्या हिरव्या-काळ्या पडलेल्या, काहींचे दांडे वाळवीने पोकळ. हलग्या तीन. दोहोंचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं. तिसरीवर बोटाने टिचकी मारली तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. ती उन्हात ठेवली, मग जुना पेपर जाळून शेकली, तेव्हा कुठे जरा बोलली.

हे कुणी केलं? मी केलं. सहा वर्षांपूर्वी पोरं म्हणाली, शेजारच्या मंडळाने डीजेच्या स्पीकरची भिंत लावली, आपलं हसं होतं. दोन महिने रोज रात्री सराव करायचा, नोकरी सांभाळून पोरं येत नाहीत, दहा आली तर ओळ होत नाही. मलाही कंटाळा आला होता, हे खरं. बैठकीत मीच म्हणालो, एक वर्ष करून बघू. ठराव लिहिला आणि खाली सही केली. एक वर्षाची सहा झाली. गेल्या वेळच्या मिरवणुकीत आमच्याच गल्लीतल्या एका म्हातारीचं कपाट थरथरून त्यातली कपबशी फुटली, ती बाई दुसऱ्या दिवशी तुकडे परडीत घालून मंडळात आली आणि काही न बोलता टेबलावर ठेवून गेली. वर्गणीची पावती तिचीही फाडलेली होती.

आता हिशेब बघा, आमच्याच मंडळाचा, दुसऱ्या कुणाचा नाही. एका रात्रीच्या आवाजाला आम्ही एक लाख दहा हजार मोजले, जनरेटर वेगळा. हलगीवाल्याला एका संध्याकाळचे पाचशे दिले, तर वर्षाच्या पन्नास संध्याकाळचे पंचवीस हजार होतात. २५ लेझमांची दुरुस्ती आणि दोन हलग्यांचं नवं कातडं धरलं तरी आकडा चाळीसच्या आत राहतो. उरलेल्यात पोरांना वर्षभर चहा-पोहे निघतील.

माझं मागणं एवढंच आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा. सात ते साडेआठ. मंडळाची खोली उघडा, लेझमा बाहेर काढा, हलगी शेका. वर्षभर. गणपती असो नसो, शिवजयंती असो नसो. जी पोरं येतील ती. दहा आली तर दहा, चार आली तर चार. लेझीमच पाहिजे असंही नाही. ज्या मंडळात भजनी आहेत त्यांनी भजन धरावं, पूर्वभागातल्या मंडळांकडे तेलुगू गाणी आहेत, कन्नड पदं आहेत, कुणाकडे मल्लखांबाचा खांब नुसता उभा आहे. पण दिवस एकच आणि तो चुकवायचा नाही. उद्घाटन करू नका. बॅनर लावू नका. नगरसेवकाला बोलावू नका, तो येणारच असेल तर त्याच्या हातात लेझीम द्या.

तुमचे प्रश्न मला माहीत आहेत, कारण आमच्या बैठकीत ते सगळे निघाले.

पाण्याचा दिवस त्याच वारी आला तर? येणार. आपल्याकडे पाणी वार बघून येत नाही. त्या दिवशी बायका-पोरं नळावर असतील, चौघेच येतील. चौघांत करा. लेझीम चौघांनाही करता येते, नुसती दोन पावली आणि एक डाव घ्या.

जागा? चौकात गाड्या लागतात. खरंय. आम्ही दोन रिक्षावाल्यांना दीड तास गाड्या पुढे लावायला सांगितलं, त्यातला एक स्वतःच हलगी मागायला लागला.

शेजाऱ्यांची तक्रार? हलगीचाही आवाज होतो हे मान्य. म्हणून साडेआठला बंद म्हणजे बंद. परीक्षेच्या दिवसांत हलगी ठेवा, तोंडाने बोल म्हणा आणि पावली घ्या. लय पायात बसायला हलगी लागते असं नाही.

पोरी? ह्यावर आमच्याकडे अर्धा तास खल झाला. माझं मत स्पष्ट आहे. शाळेत स्नेहसंमेलनाला पोरीच लेझीम करतात, आणि मंडळाच्या ओळीत त्यांना जागा नाही, ही कसली रीत? बालीतही बायकांचे गामेलान संघ पूर्वी नव्हते, गेल्या चाळीसेक वर्षांत उभे राहिले आणि आज महोत्सवात त्यांची स्वतंत्र फेरी असते. विड्या वळणाऱ्या आयांच्या पोरींच्या बोटांत जी चपळाई आहे, ती कधी हलगीवर बसवून बघा. मात्र परड्या विणायचं काम पोरींना आणि मिरवायचं काम पोरांना, असली वाटणी करणार असाल तर राहू द्या.

आणि शेवटचा प्रश्न, जो कुणी उघड विचारत नाही: ह्यातून मंडळाला काय मिळणार? मला ह्याचं उत्तर बालीत शोधावं लागलं नाही, ते सोलापुरातच होतं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला सात नंदीध्वज निघतात. तीसेक फुटांची ती काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून, पांढरी बाराबंदी घालून, अडुसष्ट लिंगांची वाट चालणारे मानकरी आणि सेवेकरी आपण लहानपणापासून बघतो. तो तोल एका रात्रीत येत नाही. यात्रेच्या आधी कितीतरी रात्री थंडीत सराव चालतो. त्याला प्रेक्षक किती असतात? त्याचे पैसे कोण देतं? आपल्या नात्यातला कुणी त्या काठीखाली असेल तर त्याला विचारा, काय मिळतं म्हणून. तो तुमच्याकडे त्या म्हातारबाबांसारखाच बघेल. शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती १८८५ पासूनचा मानतात. ज्या गावाला सार्वजनिक गणपतीची एवढी जुनी सवय आहे, त्या गावाला आठवड्याची एक संध्याकाळ जड जाऊ नये.

माझ्या मंडळात काय झालं ते सांगतो आणि थांबतो. ठराव झाला नाही. डीजेचा विषय ‘पुढच्या बैठकीत’ गेला, जसा तो नेहमी जातो. पोरांना त्यात मजा येते आणि एका म्हाताऱ्याच्या परदेशवारीने ती जाणार नाही, हे मला कळतं. पण खोली उघडायला कुणाची हरकत नाही, एवढं इतिवृत्तात लिहून घेतलं. डेकोरेशनवाल्याच्या कमानी आता भिंतीला उभ्या केल्या आहेत. १७ लेझमांना रॉकेल लावून, घासून घेतल्या. आणखी सहांच्या साखळ्या एका फॅब्रिकेशनवाल्याने जोडून दिल्या, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, लहानपणी मीच तोडल्या असतील.

वार आम्ही गुरुवार धरला आहे. पहिल्या गुरुवारी सातजण आले, त्यात दोन पोरी आणि एक हॉटेलातला वेटर, ताट-वाट्या धुऊन ओल्या हातानेच आलेला. दुसऱ्या गुरुवारी पाणी आलं, तिघे आले. तिसऱ्याला अकरा. त्यातला एक नऊ वर्षांचा आहे, उजवा पाय बरोबर टाकतो आणि डाव्याला विसरतो. मी त्याच्या समोर उभा राहतो.

तुमच्या मंडळाकडे जास्तीच्या लेझमा पडून असतील तर आम्हाला उसन्या द्या, आणि आमच्याकडे यायचं असेल तर कुठल्याही गुरुवारी या. किल्ली आता कोपऱ्यावरच्या पानटपरीत चुन्याच्या डबीमागच्या खिळ्याला लावलेली असते. पानवाल्याला फक्त ‘लेझमाची’ म्हणा, तो देतो. येताना जुने पेपर घेऊन या, हलगी शेकायला लागतात.

आपला,
एक निवृत्त जॉबर, आणि माजी सचिव
सोलापूर